कोण्या गावचे रेगे

रेगे म्हटलं की मराठी माणसाला आधी पु. शि. आठवतात, मग सदानंद. माझंही तेच झालं. लंडनला येऊन वर्षही झालं नसेल, ऑफिसातल्या एकाने विचारलं, तू रेगे ऐकतोस का? मी म्हटलं, वाचलेत. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. तो म्हणत होता ते जमैकाचं रेगे संगीत.

हा सहकारी जन्माने जमैकाचा, आता साठीला टेकलेला. ऑफिसात त्याचं इंग्रजी बातम्या वाचणाऱ्यासारखं. पण आईचा फोन आला की उठून जिन्यात जायचा, आणि दार लागायच्या आत जे कानावर पडायचं त्यातलं मला एक अक्षर कळायचं नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, पॅटवा, आमची जमैकाची बोली. शाळेत असं बोललं की छडी बसायची, हेही सांगितलं. मग जिन्यात का जातोस, असं मी विचारलं नाही. पुण्यात हॉस्टेलच्या फोनवर मीसुद्धा पाठ फिरवूनच बोलायचो.

मी सावद्याकडचा. आमच्या घरी 'मला' नसतं, 'मले' असतं. शाळेत बहिणाबाई चौधरींची कविता पाठ करायची, तिच्यातल्या 'तव्हा'ला मास्तर कौतुकाने मान डोलवायचे, आणि आम्ही निबंधात 'मले' लिहिलं की खाली लाल रेघ. आता जळगावच्या विद्यापीठालाच बहिणाबाईंचं नाव आहे. त्या विद्यापीठाचा पेपर बहिणाबाईंच्या बोलीत लिहून बघा म्हणावं कोणाला.

तर त्या सहकाऱ्याने मला ऐकायला दिलेली पहिली तबकडी रेगेतल्या सर्वांत गाजलेल्या बॉब मार्लीची नव्हती. मार्ली तुला कुठल्याही टी-शर्टावर भेटेल, म्हणाला, हा ऐक. १९७९ ची 'फोर्सेस ऑफ व्हिक्टरी', गाणारा लिंटन क्वेसी जॉन्सन. गाणारा म्हणणंही तसं चूकच. तो गात नाही, बोलतो. हॅट, चष्मा, दाढी, अंगात सूट. फोटो बघून वाटावं, रेल्वेत हेडक्लार्क असतील. मागे डेनिस बोव्हेलचा संच, आणि त्यात बेस गिटार सगळ्यांच्या पुढे. गणपतीत डॉल्बीसमोरून जाताना छातीत जे होतं तेच, फक्त संथ आणि अदबीने. कविता लिहितानाच आपल्या कानात बेसची चाल चालू असते, असं जॉन्सन सांगतो. ऐकल्यावर ते पटतं. शब्द त्या ठोक्याला टेकून उभे असतात.

जन्म १९५२ चा, जमैकातल्या चॅपेलटनचा. आई लंडनला कामाला गेली आणि पोर आजीपाशी राहिला. आजीला लिहितावाचता येत नव्हतं. नातू तिला बायबल वाचून दाखवायचा. १९६३ साली, अकराव्या वर्षी, तो आईकडे दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनला आला. शाळेत असतानाच ब्रिटनमधल्या ब्लॅक पँथर्सच्या तरुण गटात गेला, आणि त्यांच्या छोट्या ग्रंथालयात त्याला अमेरिकेतले काळे लेखक डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस सापडले. तोवर काळी माणसं पुस्तकं लिहितात हेच त्याच्या गावी नव्हतं. पुढे गोल्डस्मिथ्स कॉलेजात समाजशास्त्राची पदवी.

पँथर म्हटल्यावर आपले कान टवकारतातच. १९७२ च्या मे महिन्यात मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. दोन्हीकडे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या पँथर्सचं. ब्रिटिश पँथर्समध्ये आशियाई माणसंही होती. ब्रिक्स्टनच्या रेल्टन रोडवरून चालणाऱ्या 'रेस टुडे' मासिकाच्या गटात जॉन्सनच्या बरोबरीने फारुख धोंडी होते, जन्माने पुण्याचे. पश्चिम लंडनमधल्या साउथॉलमध्ये आशियाई लोकांच्या बाजूने निदर्शनांना गेलेला ब्लेअर पीच हा शिक्षक १९७९ साली मारला गेला, त्याच्यावरही जॉन्सनची कविता आहे. आपल्या साउथॉलच्या मिठाईच्या दुकानांत हे नाव किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

त्या तबकडीतलं एक गाणं म्हणजे पत्र आहे. ब्रिक्स्टनच्या तुरुंगातून सनी नावाचा मुलगा आईला लिहितो. सुरुवात अगदी रीतसर, आपल्याकडे 'तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार' लिहावं तशी. हे पत्र पोचेल तेव्हा तू बरी असशील अशी आशा आहे, वगैरे. मग तो सांगतो की धाकट्या जिमला नीट सांभाळायचं वचन मला पाळता आलं नाही. बसथांब्यावर उभे होते, पोलीस आले, जिमला ओढू लागले, मारू लागले. सनीने मध्ये हात घातला, आणि त्यात एक पोलीस गेला. जिमवर संशयिताचं कलम, सनीवर खुनाचं. शेवटी पुन्हा रीतसर: धीर धर, तुझा मुलगा. ते संशयिताचं कलम १८२४ च्या भटकेविरोधी कायद्यातलं. गुन्हा घडायची गरज नाही, पोलिसाला संशय आला की पुरे. याच राज्यकर्त्यांनी आपल्याकडे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणून पारध्याच्या पोराला जन्मतःच संशयित केलं होतं. तोच संशय ब्रिक्स्टनच्या बसथांब्यावर शंभर वर्षांनीही ड्युटीवर होता. एप्रिल १९८१ मध्ये ब्रिक्स्टन पेटलं आणि त्याच वर्षी ते कलम गेलं.

त्या वर्षाची सुरुवातच लंडनमधल्या न्यू क्रॉसच्या आगीने झाली होती. १८ जानेवारी, एका घरात वाढदिवसाची पार्टी, तेरा तरुण काळी मुलंमुली गेली. सरकारने शोकाचा शब्द काढला नाही, म्हणून २ मार्चला सुमारे २०,००० माणसं लंडनच्या रस्त्यावर चालली. जॉन्सनने त्यावरही लिहिलं. माझी रोजची बस त्याच रस्त्याने जाते.

हे सगळं त्याने लिहिलं ते जिन्यात बोलल्या जाणाऱ्या भाषेत. स्पेलिंगही तोंडातून निघेल तसं. 'इंग्लंड' नाही, 'इंग्लन'. १९८२ साली इथल्या एका जुन्या साप्ताहिकाने लिहिलं की असल्या स्पेलिंगने शाळांचं वाटोळं केलं आणि दंगेखोर, निरक्षर पिढी तयार केली. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, पेंग्विनने त्याचा संग्रह आपल्या आधुनिक अभिजात मालेत काढला. हयातीत तिथे जाणारा तो दुसराच कवी, आणि काळ्यांमध्ये पहिला.

अभिजात हा शब्द आला म्हणून गावाकडच्या गोष्टीवर येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा इथल्या ग्रुपवर दोन दिवस पेढ्यांचे फोटो फिरत होते. मीही एक टाकला. पुढच्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनअखेर मागे घेतला गेला, मधल्या काळात ग्रुपवर रोज रणधुमाळी. निर्णय मागे घेतला ते बरंच झालं, सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषा कशाला? पण मराठी येत नाही म्हणून एखाद्या दुकानदाराच्या कानाखाली काढल्याचा व्हिडिओ लोक इथून, लंडनमधून, शाबासकी देत पुढे पाठवतात तेव्हा मला काही सुचत नाही. आपण इथे पोटासाठीच आलोय ना? इथल्या लोकांनी आपल्या उच्चारांवर हेच धोरण ठेवलं तर?

आणि ज्या मराठीचा इतका अभिमान, तिच्यात ढसाळ बसतात का? दर्जा मिळून पुरते पाच महिने झाले नव्हते, तर ढसाळांच्या कविता असलेल्या एका चित्रपटाच्या वेळी सेन्सॉर बोर्डाकडून 'कोण ढसाळ?' असं विचारलं गेल्याचं प्रकरण गाजलं. त्यावर सगळे चिडले. चिडायलाच हवं होतं. फक्त चिडलेल्यांपैकी किती जणांनी 'गोलपिठा' पहिल्या पानापलीकडे वाचलाय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि गप्प बसलो. खुद्द तेंडुलकरांना त्याची प्रस्तावना लिहिताना शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले होते. त्यांनी ते विचारले आणि तसं लिहिलंही, हा त्यांचा मोठेपणा.

माझा मोठेपणा ऐका. दर रविवारी मी इथल्या मराठी वर्गात शिकवतो. भाड्याचा हॉल, बारा-पंधरा पोरं. मागच्या हिवाळ्यात एक नऊ वर्षांचा मुलगा हात वर करून म्हणाला, "काका, मले पाणी पाहिजे." इथेच जन्मलेला, घरात सगळं इंग्रजी; पण अकोल्याहून आजी सहा महिने राहून गेली होती. बाकीची पोरं हसली. आणि मी, सावद्याचा, म्हणालो, "मले नाही रे, मला." त्याने "मला" म्हटलं, पाणी प्यायला, आणि तास संपेपर्यंत इंग्रजीतच बोलला.

प्रमाण मराठी नकोच, असं माझं म्हणणं नाही. जॉन्सनचे लेख वाचा, गोळीबंद प्रमाण इंग्रजी. त्याने दोन्ही भाषा कमावल्या, एक टाकून दुसरी घेतली नाही. सहकारी तर याहून रोखठोक आहे: कविता ठीक, पण माझ्या मुलींनी मुलाखतीत पॅटवा बोलू नये. जमैकातही राजभाषा इंग्रजीच आहे, आणि २०१२ मध्ये तिथल्या बोलीत नवा करार छापून आला तेव्हा ही काय बायबलची भाषा झाली, म्हणून वाद झालाच. आपल्यापाशी राज्य आहे, पाठ्यपुस्तकं आहेत, मंत्री आहेत. त्यांच्यापाशी तबकडी होती. तरी मराठी बुडाली म्हणून रडायचं आणि रविवारी पोराच्या तोंडातली मराठी आपणच खोडायची, हे मला आता जमत नाही. पुढच्या रविवारी फळ्यावर 'मला'शेजारी 'मले' लिहिलं. एका पालकाचा मेसेज आला: सर, परीक्षेत काय लिहायचं? 'मला', मी उत्तर दिलं.

त्या रात्री आईला फोन लावला. मागे तबकडी चालू होती, सनीच्या पत्राची. म्हटलं, आई, हे ऐक, इथला एक कवी आहे, आपल्यासारखाच घरची भाषा बोलतो, आईला पत्र लिहितोय. फोन स्पीकरजवळ धरला.

"ते धबधब बंद कर आधी," आई म्हणाली, "मले काहीच ऐकू नाही येऊ राहिलं."