बिल कमी म्हणून गरज भागली का?

ऊर्जा-गरिबीच्या माझ्या प्रदेशवार नकाशावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसा ऊर्जेवर गेला की ते घर ऊर्जा-गरीब, इतका साधा नियम असताना प्रदेशवार निर्देशांकांचा खटाटोप कशाला? खटाटोप करावा लागतो, कारण तुमच्या हिशेबात फक्त भरलेलं बिल येतं.

दोन घरं घ्या. दोघांचंही उत्पन्न १०० धरा, आणि घर नीट उबदार ठेवायला लागणारा खर्च १४. पहिलं घर १२ भरतं, तुमच्या यादीत येतं. दुसऱ्याला तेवढं झेपत नाही. ते एकच खोली तापवतं, मुलं तिथंच अभ्यास करतात नि तिथंच झोपतात, बाकीच्या खोल्यांच्या भिंतींना बुरशी धरलेली. बिल ६. म्हणजे ज्याचे हाल जास्त, तेच घर यादीतून सुटतं. हे मला मुळीच पटत नाही.

दहा टक्क्यांचा आकडा ब्रिटिश संशोधक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये ब्रिटनसाठी मांडला, तोही तिथल्या १९८८ च्या खर्चाच्या आकडेवारीवरून. शिवाय त्यांनी धरला होता तो पुरेशी ऊब मिळवायला लागणारा खर्च. नियम उचलताना नेमकं हेच गळून जातं.

आता प्रदेशाचं. ज्या घराचा ऊर्जाखर्च मध्यकाच्या (म्हणजे सगळी घरं खर्चाच्या क्रमाने लावली की मधोमध येणाऱ्या घराच्या खर्चाच्या) निम्म्याहूनही कमी, ते पोटाला चिमटा घेत असावं, असं धरण्याची एक पद्धत युरोपात वापरली जाते. पण मध्यक कुठला? जिथं बहुतेक घरं हात आखडून जगतात तिथला मध्यकच खाली असतो, त्यामुळे प्रदेशाचा मध्यक घेतला तर तिथलं दारिद्र्य कागदावरून पुसलं जातं. देशाचा घेतला तर सौम्य हवामानाचा प्रदेश विनाकारण गरीब दिसतो. म्हणून मी गरज हवामान आणि घराची बांधणी पाहून काढतो. उष्ण भागात गारव्याचाही हिशेब असाच करावा लागतो.

सर्वेक्षणाचा नमुना एकेका प्रदेशासाठी फार लहान पडतो, हा तुमचा आक्षेप मात्र अगदी बरोबर आहे. देशापुरतं आखलेलं सर्वेक्षण प्रदेशांत वाटलं की एकेकाच्या वाट्याला मोजकीच घरं उरतात. जनगणनेतली घरांची माहिती जोडून अंदाज सुधारतो, तरी चूक किती असू शकते ते दाखवायलाच हवं होतं. मी ते न दाखवता नकाशात ठाम रंग भरले. नवा नकाशा, चूक किती असू शकते त्या मर्यादांसह, टाकतोय, आणि ज्या प्रदेशांचा क्रम त्या मर्यादेत उलटू शकतो, त्यांचे क्रमांक काढून टाकलेत.