पीटर ग्रीन एका रात्रीत संपला नाही

परवा भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, "मामा, हे खरं आहे का?" तो गिटार शिकतोय, आणि गेलं वर्षभर मानसोपचाराच्या गोळ्याही घेतोय. म्हणून उत्तर लिहायला बसलो. नाहीतर असले मेसेज मी उघडतही नाही.

मजकूर साधारण असा: फ्लीटवुड मॅक या ब्रिटिश बँडचा संस्थापक गिटारिस्ट पीटर ग्रीन १९७० मध्ये म्युनिकला एका पार्टीत एलएसडी हे नशेचं द्रव्य घेऊन एका रात्रीत वेडा झाला आणि बँड सोडून गेला. त्यानंतरचा सोलो अल्बम 'द एंड ऑफ द गेम' म्हणजे वेड्याचा गोंगाट. पुढे गोळ्यांनी कला मारली, गिटारला त्याने पुन्हा हात लावला नाही. आणि त्याच्या गिटारचा तो वेगळा आवाज? तोही म्हणे नशेचाच.

आवाजाचं आधी उरकतो. त्याच्या १९५९ च्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारमधल्या नेक पिकअपचं, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या दोन भागांपैकी मानेकडच्या भागाचं, मॅग्नेट उलटं बसलेलं होतं. दोन्ही पिकअप एकदम लावले की आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येतो. ती गिटार पुढे गिटारिस्ट गॅरी मूरकडे गेली, आता मेटॅलिका बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे. पिकअपचा स्विच मधे, म्हणजे दोन्ही चालू, ठेवला की त्यांच्याही हातून तोच पोकळ आवाज निघतो.

म्युनिकची रात्र खोटी नाही, हे मान्य करावं लागतं. बँडमधले सहकारीही वर्षानुवर्षं तिलाच दोष देत आले. एलएसडीने मानसिक आजार भडकला असेल, आणि ती गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाहीच. पण "एका रात्रीत" कुठून आलं? 'मॅन ऑफ द वर्ल्ड' हे त्याचं गाणं एप्रिल १९६९ चं, म्हणजे म्युनिकच्या जवळजवळ वर्षभर आधीचं. त्यात सगळं मिळालेला माणूस शांत आवाजात म्हणतो की आपण जन्मालाच आलो नसतो तर बरं. ते लोकांनी सुंदर बॅलड म्हणून ऐकलं. तो आधीपासून काहीतरी सोसत होता, आणि ते रेकॉर्डवर आहे.

आता अल्बम. बँड सोडल्यावर लगेच, त्याच वर्षी, पाच जण स्टुडिओत बसून मोकळेपणी वाजवत राहिले आणि त्या लांबलचक जॅममधून तुकडे कापून हा अल्बम बनवला. गाणं एकही नाही, सगळं वाद्यसंगीत. 'ब्लॅक मॅजिक वुमन' लिहिणाऱ्या माणसाकडून लोकांना गाणी हवी होती, त्यामुळे निराशा झाली, ते मी समजू शकतो. काही ठिकाणी मलाही तो भरकटल्यासारखा वाटतो. पण त्यातला 'बॉटम्स अप' हेडफोन लावून ऐका. खाली बेस आणि ड्रम्स ठाम चालत असतात, वर वाह-वाह पेडलवर (पायाने आवाज वळवायचं यंत्र) गिटार जणू बोलत असते. भान सुटलेल्या माणसाला इतरांचं ऐकून असं वाजवता येत नाही.

"पुन्हा हात लावला नाही" ही तर सरळ थाप आहे. १९७१ मध्ये फ्लीटवुड मॅकचा दुसरा गिटारिस्ट जेरेमी स्पेन्सर दौऱ्याच्या मध्येच बँड सोडून गेला, तेव्हा अमेरिकेत जाऊन तो दौरा पुरा करायला ग्रीनच धावून आला. १९७९ ला त्याचा 'इन द स्काइज' हा अल्बम आला. नव्वदच्या दशकात त्याने स्प्लिंटर ग्रुप हा बँड उभा केला. १९९८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या मंचावर गिटारिस्ट कार्लोस सँटानासोबत 'ब्लॅक मॅजिक वुमन' वाजवलं.

राहिल्या गोळ्या, आणि माझा खरा राग इथेच आहे. त्याला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं. सत्तरच्या दशकात रुग्णालयं झाली, विजेचे झटकेही झाले. गोळ्यांमुळे लक्ष लागत नाही, गिटार उचलावीशी वाटत नाही, असं त्याने स्वतः सांगितलं होतं. हे मी भाच्यापासून लपवणार नाही, कारण त्यालाही कधीकधी तसंच वाटतं. पण मधली वर्षं त्याच्याकडून आजाराने हिरावली होती. मेसेज लिहिणाऱ्याने तो आजारच गाळून टाकला आणि सगळा दोष उपचारांवर ढकलला. हे वाचून एखाद्या पोराने मनानेच गोळ्या बंद केल्या तर? फॉरवर्ड करणाऱ्या एकाच्याही डोक्यात हे आलं नाही?

भाच्याला कळवलंय: लक्ष लागत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांग, डोस बदलता येतो, पण स्वतःहून काही बंद करू नकोस. आणि रविवारी गिटार घेऊन ये, ग्रीनची 'अल्बट्रॉस' ही धून बसवू.