सभ्य पुरुषाने गुप्तरोग कसा जपावा

पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषाला सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी गुन्हेगारीतून मुक्त केले. लाजेतून मुक्त करणे त्या न्यायालयाच्या अधिकारात नव्हते, हे एका परीने बरेच झाले. लाजही सुटली असती, तर सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया या मंडळींनी आसरा शोधायचा तरी कुठे? आपण त्यांना आजवर दिलेला आश्रय पुढेही अबाधित राहावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सुरुवात जोडीदाराच्या निवडीपासून करावी. अ‍ॅपवर एखादा शुद्ध मराठी लिहिणारा, बऱ्या पगाराचा, चांगल्या घरचा मुलगा भेटला की कंडोमचा विषय काढून त्याचा अपमान करू नये; जंतू कुळशील पाहूनच घरात शिरतात, यावर आपली श्रद्धा आहेच. याउलट एखाद्याने, आपल्याला एचआयव्ही आहे, औषधे रोज घेतो आणि रक्तातले विषाणू तपासणीत सापडणार नाहीत इतके कमी झालेले आहेत, असे सरळ सांगितले, तर त्याला तत्काळ नकार द्यावा. अशा माणसाकडून शरीरसंबंधातून एचआयव्हीची लागण होत नाही हे सिद्ध झालेले आहे, पण जे सिद्ध झाले ते मानलेच पाहिजे, असा नियम कुठे आहे? त्याच्याऐवजी, ज्याने जन्मात कधी चाचणी केली नाही आणि त्या भक्कम आधारावर जो स्वतःला निगेटिव्ह म्हणवतो, त्याला पसंत करावे. आपण स्वतः ‘टॉप’, म्हणजे गुदसंभोगात प्रवेश करणारे, असाल तर काळजीचे कारणच उरत नाही. एचआयव्हीचा धोका ‘बॉटम’ला, म्हणजे प्रवेश करू देणाऱ्याला, अधिक असतो एवढे अर्धे वाक्य पाठ करावे, आणि तो आपल्यालाही असतोच, शिवाय सिफिलिस किंवा गनोरिया अशी विभागणी पाळत नाहीत, हे उरलेले अर्धे विसरावे.

कंडोम घ्यायचाच झाला तर मेडिकलच्या दुकानात आधी डोकेदुखीची गोळी मागावी, मग टूथब्रश, मग आणखी काही नको असलेले, आणि मागचे गिऱ्हाईक जाईपर्यंत वजनकाट्यावर उभे राहावे. तेवढ्यात सोसायटीतले काका आले, तर कापसाचा बोळा घेऊन घरी परतावे. निरोध 1968 पासून देशात मिळतो आहे, आणखी थोडा थांबेल. वंगण म्हणून मात्र खोबरेल तेलच वापरावे. गुदमार्गात नैसर्गिक ओलावा नसल्यामुळे वंगण लागतेच, आणि तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होऊन फाटतो. म्हणजे कंडोम लावल्याचे पुण्यही मिळते आणि तो नसल्याचे फळही. पाण्यात विरघळणारी जेल त्याच दुकानात असते, पण ती मागायची म्हणजे पुन्हा वजनकाटा आला.

आता सिफिलिसविषयी थोडे सविस्तर, कारण इतका समंजस पाहुणा दुसरा नाही. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी एक फोड येतो, त्याची जखम होते, पण ती दुखत नाही; गुदमार्गात किंवा घशात असली तर दिसतही नाही. दिसलीच, तर तिच्यावर हळद लावावी, कडुनिंबाचा पाला लावावा, पाहिजे तर नवस बोलावा. काहीही केले किंवा काहीही केले नाही, तरी ती तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते, आणि श्रेय हळदीला देता येते. पुढे काही आठवड्यांनी तळहातांवर आणि तळपायांवर चट्टे उमटतात, त्यांना खाजही बहुधा नसते. ही ‘उष्णता बाहेर पडली’ असे जाणकार मुद्रेने म्हणून सब्जा आणि गुलकंद सुरू करावा. तेही चट्टे जातात आणि गुलकंदाची कीर्ती वाढते. त्यानंतर रोग रक्तात मुकाट बसून राहतो, आणि पुढे कधीतरी डोळे, मेंदू किंवा हृदयाची महारोहिणी यांच्याकडे वळतो. सुरुवातीलाच व्हीडीआरएल ही रक्ताची साधी चाचणी करून घेतली, तर बेंझाथिन पेनिसिलिनच्या 24 लाख युनिटांच्या एका मात्रेत हे सारे आटोपते. पण इंजेक्शन कमरेखाली घ्यावे लागते, आणि तेवढा निर्लज्जपणा आपल्याला कसा जमणार?

डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आलीच, तर त्यांनी ‘लग्न झाले आहे का?’ विचारल्यावर खाली मान घालून ‘नाही’ म्हणावे आणि पुढचे काहीही सांगू नये. मग ते लघवीची तपासणी सांगतील. घशातला आणि गुदमार्गातला गनोरिया तिथे सापडत नाही, आणि बहुतेकदा त्याची लक्षणेही नसतात, त्यामुळे अहवाल चोख येईल. याहून सोयीचे म्हणजे मित्राच्या उरलेल्या चार प्रतिजैविकाच्या गोळ्या घेणे, किंवा लोकलच्या डब्यात चिकटवलेला ‘हमखास इलाज’ गाठणे. याच मुंबईत र. धों. कर्वे 1927 पासून 1953 पर्यंत मासिक चालवून, अश्लीलतेचे खटले अंगावर घेऊन, शरीराविषयी मोकळेपणाने लिहीत राहिले. त्यांच्या जिद्दीचे आपल्याला कौतुक आहे, आणि कौतुक केले की वाचावे लागत नाही. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात एचआयव्हीची चाचणी फुकट होते आणि 2017 च्या कायद्याप्रमाणे आपल्या संमतीशिवाय निकाल सहसा कुणाला सांगता येत नाही, हे ऐकून आपला निश्चय डळमळू देऊ नये. कंडोम फाटल्यावर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी 72 तासांच्या आत सुरू करायची आणि 28 दिवस घ्यायची औषधे असतात, तेव्हा पहिले तीन दिवस मन घट्ट करून काढावेत. चौथ्या दिवशी धावपळ करायला हरकत नाही. एचआयव्ही टाळण्यासाठी आधीपासूनच प्रेपची गोळी घेणाऱ्या मित्राला चवचाल म्हणावे, आणि आपण स्वतः ती घेत असाल तर तिने सिफिलिसही टळतो असे खुशाल मानावे. हिपॅटायटिस बीची लस लहान मुलांना देतात, आपले ते वय नाही.

घरच्यांच्या आग्रहाखातर बोहल्यावर चढला असाल, तर पत्नीला यातले काही कळू देऊ नये. तिच्या गरोदरपणातल्या तपासणीत सिफिलिस निघाला, तर तिच्या माहेरची चौकशी सुरू करावी.

आणि एखाद्या दिवशी जुन्या जोडीदाराचा निरोप आला, की मला गनोरिया निघाला आहे, तूही तपासून घे, तर त्याला तिथल्या तिथे ब्लॉक करावे आणि चारचौघांत त्याचे नाव घ्यावे. ज्यांनी काहीच कळवले नाही, ते सगळे अर्थातच निरोगी असून त्यांच्यापैकी एक जण शनिवारी मोकळा आहे.