नवनियुक्त शिक्षणसेवकांसाठी चार हिताच्या गोष्टी

प्रथम अभिनंदन. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली, २०० गुणांची अभियोग्यता चाचणी झाली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरून झाले आणि यादीत नाव आलं. पेढे जरूर वाटा, पण पाव किलोच. तुम्ही अजून शिक्षक नाही, शिक्षणसेवक झाला आहात. म्हणजे प्राथमिकला असाल तर पुढची तीन वर्षं महिना १६,००० मानधनावर काढायची आहेत. शेजारच्या वर्गात तोच फळा आणि तोच खडू वापरणाऱ्या गुरुजींची वेतनश्रेणी २९,२०० पासून सुरू होते आणि वर महागाई भत्ता असतो, तिकडे बघू नका. बघायचंच तर मागे बघा. १ जानेवारी २०२३ पूर्वी हेच मानधन ६,००० होतं आणि दहा वर्षांहून जास्त काळ होतं. त्या काळातले सेवक अजून हयात आहेत, भेटतात, बोलतातसुद्धा. पुरुष असाल तर व्यवसाय कराचे २०० कापले जातील. वाईट वाटून घेऊ नका, शासन तुमच्या कामाला व्यवसाय मानतं याचा तो एकमेव लेखी पुरावा आहे.

पहिल्या महिन्यात पैसे येतील असं घरी चुकूनही सांगू नका. आधी शालार्थ आयडी, म्हणजे ऑनलाइन पगारप्रणालीतला तुमचा क्रमांक, यावा लागतो आणि तो त्याच्या सवडीने येतो. तोवर गावातल्या किराणा दुकानदाराशी घरोबा वाढवा.

जिल्ह्याबाबत चोखंदळपणा नको. बीडच्या माणसाला पालघर लागलं तर राज्य एकच आहे हे लक्षात घ्यावं. समुपदेशनाच्या दिवशी जागा रिकामी असलेल्या शाळांची यादी समोर येईल, तीत डांबरी रस्त्यालगतची शाळा शोधत बसू नका. मागे राहिलेल्या शाळा का मागे राहिल्या ते पहिल्या पावसात कळेलच. आई-वडिलांना मात्र ‘जव्हारची हवा फार चांगली आहे’ एवढंच सांगा. ते खोटंही नाही.

आता काम. दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीला गेले की पहिली ते चौथी तुमचीच. पहिलीला अक्षरं गिरवायला द्या, चौथीला पाढे म्हणायला लावा आणि पोषण आहाराकडे वळा. खिचडी शिजली की आधी चमचाभर तुम्ही खायची आणि चव नोंदवहीत शेरा लिहायचा. शेरा ‘उत्तम’. मीठ कमी होतं वगैरे सत्यकथन वहीत करू नये, खुलासा मागतात. तांदळाच्या पोत्यावर ५० किलो छापलेलं असेल तर साठा नोंदवहीतही ५० लिहा. काट्यावर चढवून बघण्याची हौस महागात पडते. मग किती मुलं जेवली ते ॲपवर भरायचं. रेंज शाळेत नसते, टेकाडावरच्या आंब्याखाली असते. तिथे पोहोचलात की केंद्रप्रमुखांचा निरोप दिसेल: ‘सोबतची लिंक आज ४ वाजेपर्यंत. अत्यंत तातडीचे.’ निरोप पाठवल्याची वेळ ३.४०.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ पाठ करून ठेवा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक काम देऊ नये, असं ते सांगतं. रात्री झोप येत नसेल तर मनातल्या मनात म्हणावं. मोठ्याने म्हटलंत तर समोरून एकच प्रश्न येतो, ‘सर, तीन वर्षं नीट काढायची आहेत ना?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. बीएलओची, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची, पिशवी मुकाट्याने खांद्याला लावायची आणि मतदार याद्या घेऊन पाड्यावर निघायचं.

लग्नाचं असेल तर घाई करा किंवा तीन वर्षं थांबा, मधलं काही जमत नाही. ‘मुलगा सरकारी नोकरीत’ इथपर्यंत पाहुणे खुश असतात. मानधनाचा आकडा चहा संपल्यावर सांगावा.

आणि तीन वर्षं पुरी झाली की आपोआप नियमित होतो, या भ्रमात राहू नका. प्रस्ताव करावा लागतो. नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, प्रमाणपत्रं, समाधानकारक सेवेचा दाखला, सगळं क्रमाने लावा. किती प्रती लागतात ते कार्यालयात विचारा आणि सांगतील त्याहून दोन जास्त न्या. एक त्यांच्याकडून गहाळ होणार आहे. दुसरी, पहिली गहाळ झाल्याचं मान्य होईपर्यंत.