पंचविशीच्या आत मत नको म्हणणाऱ्यांना

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आठवड्यात तीनदा येऊन गेलं. मजकूर असा: मतदानाचं वय 25 करा, पंचाहत्तरीनंतर मत काढून घ्या आणि मधल्यांची परीक्षा घ्या. खाली अंगठ्यांची रांग.

‘18व्या वर्षी अक्कल नसते.’ नसेलही. पण 61व्या घटनादुरुस्तीने 1989 मध्ये वय 21 चं 18 केलं, ते अक्कल मोजून नव्हे. या वयात कायदा माणसाला सज्ञान धरतो, करार करू देतो. सैन्यात अग्निवीर व्हायला तर साडेसतरा पुरतात. लासलगावला कांद्याची ट्रॉली घेऊन लिलावाला उभा असलेला 19 वर्षांचा पोरगा निर्यातबंदी म्हणजे काय ते आमच्या ग्रुपपेक्षा नीट सांगेल. डिसेंबर 2023 मध्ये ती लागली तेव्हा भाव त्याच्या कांद्याचा पडला. (कुणीतरी अनंत कान्हेरेचं नाव काढेलच. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या तेव्हा तो सतरा-अठराचा. पण पिस्तूल आणि मत यांची तुलना मी करणार नाही.)

‘आमदारकीला 25 लागतात, मग मताला का नको?’ मिसळीचं हॉटेल काढायला परवाना लागतो, तर्री तिखटजाळ झालीय हे सांगायला लागत नाही.

पंचाहत्तरीचा मुद्दा मात्र मला खरंच खटकला. खालची अट म्हणजे थोडं थांबणं. आज सतराचा असलेला पोरगा उद्या रांगेत येतोच. वरची अट म्हणजे कायमचं बाहेर. पेन्शन, रेशन, सरकारी दवाखाना, नळाला पाणी किती वाजता येणार, हे सगळं ज्यांच्या अंगावर येतं त्यांनाच म्हणायचं, तुम्ही आता गप्प बसा? हिमाचलचे श्याम सरण नेगी 1951 पासून मत देत आले, शंभरी ओलांडल्यावर 2022 मध्ये टपाली मत देऊन गेले. 2024 च्या लोकसभेला 85 वरच्यांसाठी मतपत्रिका घरी नेण्याची सोय होती. म्हणजे सरकार त्यांच्या दारी जातंय आणि आमचा ग्रुप दार लावायला निघालाय.

राहिली परीक्षा. पेपर कोण काढणार? आणि फुटला तर? चेष्टा सोडा. इंग्रजांच्या काळात मालमत्ता, कर, शिक्षण बघूनच मत मिळायचं आणि बहुतेक जनता बाहेर राहायची. घटनेच्या कलम 326 ने ते मोडलं. जन्मतारखेत एक गुण आहे: ती कुणा साहेबाच्या मर्जीवर नसते.

अठराची रेघ अगदी अचूक आहे असं नाही. ऑस्ट्रियात 2007 पासून 16 ला मत आहे, त्यावर बोलू. आपल्याकडची खरी खोट वेगळी होती: मतदार यादीसाठी वय फक्त 1 जानेवारीला मोजायचे. 2022 पासून वर्षात चार तारखा झाल्या. माझ्या भाचीचा वाढदिवस 2 जानेवारीचा. जुन्या नियमाने तिचं जवळजवळ वर्ष गेलं असतं. तिने 1 एप्रिलची तारीख धरून नव्या मतदाराचा फॉर्म 6 भरलाय.