'पितळी माकड', 'पॉश' आणि तीन 'शीट': तो फॉरवर्ड कुठे चुकतो

इंग्रजी वाक्प्रचारांचा उगम ब्रिटिश जहाजांवर कसा झाला, हे सांगणारा एक संदेश अनेक वर्षं फिरतो आहे. त्यातले तीन दावे तपासू.

दावा १: तोफगोळे खळगे असलेल्या पितळी ताटावर पिरॅमिडसारखे रचत. त्या ताटाचं नाव 'मंकी'. कडाक्याच्या थंडीत पितळ लोखंडापेक्षा जास्त आक्रसायचं आणि गोळे घरंगळायचे. 'ब्रास मंकीचे (पितळी माकडाचे) गोळे गोठून गळून पडतील इतकी थंडी' हा इंग्रजी वाक्प्रचार म्हणे त्यावरूनच आला.

हिशेब करून पाहा. तापमान एक अंशाने उतरलं की एक मीटर पितळ सुमारे ०.०१९ मिमी आक्रसतं, लोखंड ०.०११ ते ०.०१२. बत्तीस पौंडी तोफेचा गोळा साडेपंधरा सेंटिमीटर व्यासाचा. पारा ४० अंशांनी उतरला तरी एका गोळ्यामागे फरक पडतो सुमारे ०.०५ मिमी, वहीच्या कागदाच्या जाडीच्या निम्मा. तेवढ्याने साडेचौदा किलोचा गोळा जागचा हलत नाही.

मुळात डोलणाऱ्या डेकवर असा ढीग कोण रचेल? पहिल्याच मोठ्या लाटेला गोळे खलाशांच्या पायांवर आले असते. प्रत्यक्षात जाड लाकडी फळीला ओळीने गोल भोकं पाडलेली असत आणि प्रत्येक भोकात एकच गोळा बसे. या फळ्या तोफांच्या खिडक्यांमधल्या जागेत आणि हॅचच्या (डेकमधून खाली उतरायच्या झरोक्याच्या) कडेने ठोकलेल्या असत. बाकीचा साठा खाली तळाशी, म्हणजे वजनही खालीच राही. शिवाय, १८४७ मध्ये छापलेला वाक्प्रचार म्हणतो की पितळी माकडाचं नाक *वितळेल* इतका *उकाडा* आहे. तिथे आक्रसण्याचा संबंधच नाही. माकड म्हणजे माकडाची धातूची मूर्ती, एवढाच सरळ अर्थ लागतो.

दावा २: 'पॉश' म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'. मुंबईला येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची थंड केबिन घेणाऱ्या श्रीमंतांच्या तिकिटांवर पी अँड ओ ही ब्रिटिश जहाज कंपनी ही चार अक्षरं छापायची.

असं एकही तिकीट सापडलेलं नाही. शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापलेला दिसतो, तिकिटांची कथा मात्र १९३०च्या दशकातली. पूर्वेकडे मुंबईला येताना बोटीची डावी बाजू उत्तरेला असते; पण उत्तरेची बाजू नेहमी सावलीत, हेही खरं नाही. भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो शून्य सावलीचा दिवस आठवा: मुंबईत तो मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैअखेरीस येतो. त्या दरम्यान भरदुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे एडनहून मुंबईला येणाऱ्या बोटीच्या नेमक्या डाव्या बाजूला.

दावा ३: 'थ्री शीट्स टु द विंड', म्हणजे तर्र झालेला. संदेशात 'शीट'चा अर्थ शीड दिला आहे.

वाक्प्रचार खरोखर जहाजावरचा आहे, अर्थ चुकलाय. शीट म्हणजे दोर, शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला. तो सुटला की शीड वारा धरत नाही, नुसतं फडफडतं. असे तीन दोर सुटले की जहाज झोकांड्या खाऊ लागतं.