टो-बॉलला पट्टा अडकवू नका रे!

गाडी वाळूत रुतली की दरवेळी तेच. कुणीतरी धावत येतो आणि पट्टा सरळ मागच्या टो-बॉलला अडकवतो. अहो, तो गोळा ट्रेलर ओढायला असतो, झटके खायला नाही! कायनेटिक दोर, म्हणजे रबरासारखा लांबणारा दोर, ताणला की त्यात प्रचंड ताकद साठते. गोळ्याची मान तुटली तर तो तोफेतून सुटल्यासारखा काच फोडून आत येतो. ऑस्ट्रेलियात अशाने माणसं गेली आहेत.

कुणी बंपरखालची बारीक कडी धरतो. ती गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी दिलेली असते! चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, पक्क्या बोल्टांनी बसवलेला, क्षमता ठरवलेला पॉइंटच हवा. चासीला धरलेला हिच (ट्रेलर जोडायची मागची जोडणी) असेल तर बॉल काढा, हिचच्या चौकोनी नळीत शॅकल ब्लॉक, म्हणजे शॅकल (पट्टा अडकवायची U आकाराची कडी) धरणारा ठोकळा, घालून पिन लावा. शॅकलवर '४.७५ टन' असा आकडा उठवलेला दिसला पाहिजे, बिनआकड्याचा स्वस्त माल नकोच.

एवढं सांगितलं की उत्तर ठरलेलं, "काही होत नाही भाऊ, आपण नेहमी असंच काढतो." आणि तेव्हा ताणलेल्या दोराला खेटून चार पोरं मोबाइलवर शूटिंग करत उभी! आधी ती पोरं लांब करा, मग बोला माझ्याशी.